चष्म्याच्या दुकानात आईला ल्युटीनच्या गोळ्या सुचवल्या. मोतीबिंदू थांबेल का? (इंदूर)

नाही थांबणार. ल्युटीन म्हणजे पालेभाज्यांतलं एक पिवळं रंगद्रव्य. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या दोन मोठ्या चाचण्यांत (निकाल 2001 आणि 2013) डोळ्यांसाठीच्या अशा पूरक गोळ्यांचा मोतीबिंदूवर ठळक फायदा दिसला नाही.

फायदा दिसला तो वयोमानाने मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, झिजण्याच्या आजारात. तोही मध्यम टप्प्यावर: क आणि ई जीवनसत्त्वं, बीटा-कॅरोटीन (गाजरातलं रंगद्रव्य), जस्त यांच्या मिश्रणाने पाच वर्षांत आजार बळावण्याचा धोका सुमारे 25 टक्के घटला. पुढे बीटा-कॅरोटीन वगळून ल्युटीन 10 मिलिग्रॅम आणि त्याच्यासारखंच झिॲक्झँथिन 2 मिलिग्रॅम घातलं, कारण बीटा-कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

राजवाड्याच्या बाजारात गोळ्या आणायला जाण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आईंचा पडदा तपासून घ्या. पडदा ठीक असेल तर पैसे वाचवा. मोतीबिंदूला शेवटी शस्त्रक्रियाच, आणि ल्युटीन पालकातही भरपूर असतं.