आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला 6 वरच अडकले आहे. फॉर्मल निबंध नेमका कसा लिहायचा?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण सोलापुरात मराठी माध्यमातून झालं, नर्सिंग पूर्ण आहे, यूकेला जायचंय. लिसनिंग-रीडिंगला 7 येतात, रायटिंग मात्र 6 च्या पुढे सरकत नाही, आणि क्लासमध्ये मिळालेला निबंधाचा साचा आणखी पक्का पाठ करावा का, असं विचारलंय. माझं म्हणणं, साचा सोडाच. बहुतेक तोच तुम्हाला 6 वर धरून ठेवतोय.

यूकेत नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला रायटिंगमध्ये 6.5 चालतात, बाकी तिन्हींत 7 लागतात. म्हणजे तुमचं काम अर्ध्या बँडचं, अर्ध्या गुणाचं आहे. निबंध चार निकषांवर तपासतात: प्रश्नाला नेमकं उत्तर दिलंय का, मांडणी आणि जोडणी, शब्दसंपत्ती, व्याकरण. चौघांना वजन सारखंच. या निकषांची बँडनिहाय वर्णनं कुणालाही वाचायला मिळतात. त्यात 6 आणि 7 चे रकाने शेजारी ठेवून वाचाच. 6 मध्ये मुद्दे असतात, पण काही अर्धवट राहतात, आणि वाक्यांची जोडणी यांत्रिक वाटू शकते. 7 ला भूमिका स्पष्ट आणि फुलवलेली लागते आणि परिच्छेदातले विचार एकामागून एक क्रमाने यावे लागतात. आता तुमचा साचा आठवून बघा. ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ने सुरुवात, मग दर वाक्याआधी ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोअर’. 6 च्या रकान्यातलं वर्णन तंतोतंत जुळतं. शिवाय पाठ केलेला मजकूर परीक्षकाला लगेच ओळखू येतो आणि त्याचे गुण मिळत नाहीत.

मी सोलापुरातच इंग्रजी शिकवतो. मराठी माध्यमाच्या मुलांचे निबंध तपासताना एक गोष्ट सारखी दिसते. शाळेत आपण निबंध शिकलो तो सुविचाराने सुरू होणारा, सगळ्या बाजूंना थोडं थोडं देणारा आणि शेवटी उपदेश करणारा. तिथे तो शोभतो. या परीक्षेत मात्र समोरच्याला तुमचं मत हवंय आणि ते मत का, हे हवंय. बाकी काही नको.

एक सरावाचा प्रश्न घेऊ. ‘लहान शहरांतले जुने उद्योग सरकारने पैसा ओतून जगवावेत. तुम्ही कितपत सहमत आहात?’ पाच-सात मिनिटं पेन खाली ठेवून आधी स्वतःचं उत्तर मराठीतच ठरवा. समजा ठरलं: ‘फारसं सहमत नाही. पैसा जुन्या यंत्रांवर घालण्यापेक्षा कामगारांना नवीन काम शिकवण्यावर घालावा.’ भूमिका झाली. ही प्रस्तावनेत एका वाक्यात यायलाच हवी, शेवटपर्यंत झाकून ठेवायची नाही.

आता एक परिच्छेद. मुलं साधारण असं लिहितात: उद्योग महत्त्वाचे आहेत, त्याने रोजगार मिळतो, शिवाय संस्कृती टिकते, शिवाय देशाची प्रगती होते. चार मुद्दे आले आणि एकही पुढे गेला नाही. त्यातला एकच धरा आणि त्याला ‘का?’ आणि ‘म्हणजे कसं?’ विचारत राहा. जुन्या मालाला अनुदान दिलं तरी गिऱ्हाईक परत येत नाही. का? कारण त्याची आवड आणि खिसा दोन्ही बदललेत. म्हणजे कसं? सोलापूरचंच बघा. आपली जॅकार्ड चादर नावाजलेली, पण इथल्या कितीतरी कारखान्यांनी टेरी टॉवेल विणायला घेतले आणि त्यांना परदेशी बाजार मिळाला. म्हणून विणकराला नवीन माल विणता येणं जास्त गरजेचं. बघा, पाच-सहा वाक्यांत परिच्छेद उभा राहिला आणि एकदाही ‘मोरओव्हर’ लागलं नाही, कारण प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातून निघालंय.

स्वतःच्या गावचं उदाहरण चालतं का, हे बरेच जण विचारतात. चालतं! प्रश्नाखालीच लिहिलेलं असतं की तुमच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. ‘एका अमेरिकन विद्यापीठाच्या संशोधनानुसार’ असली बनावट वाक्यं कृपया लिहू नका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला यंत्रमाग तुम्ही पाहिलाय, त्याबद्दल खरं लिहाल. फक्त परीक्षकाला सोलापूर माहीत नसेल हे धरून चाला आणि ‘अ टेक्स्टाइल सिटी इन वेस्टर्न इंडिया’ एवढं जोडा. तुमच्याकडे तर वॉर्डातले अनुभव आहेत; आरोग्यावरचा प्रश्न आला तर त्यांचा उपयोग होईल.

फॉर्मल म्हणजे जड नव्हे. ‘डोन्ट’ऐवजी ‘डू नॉट’, ‘किड्स’ऐवजी ‘चिल्ड्रन’, उद्गारचिन्हं नाहीत, वाचणाऱ्याला ‘यू’ म्हणून हाक मारणं नाही, इतपत पुरे. ‘प्लेथोरा’सारखे शब्द पेरले की बाजूची साधी वाक्यं उलट जास्त लंगडी दिसतात.

वेळेचं सांगतो. साठ मिनिटांत दोन टास्क असतात, हा निबंध त्यातला दुसरा, आणि त्याला पहिल्या टास्कच्या दुप्पट वजन असतं. म्हणून चाळीस मिनिटं याचीच. हवं तर हाच आधी लिहा, त्याला मनाई नाही. किमान 250 शब्द लागतात, 270-280 वर थांबा. कॉम्प्युटरवर शब्दसंख्या दिसते, पण स्पेलिंगच्या चुका दाखवल्या जात नाहीत. शेवटची चार-पाच मिनिटं फक्त आपल्या नेहमीच्या चुकांसाठी ठेवा: ‘अ’ आणि ‘द’ गाळणं, ‘डिस्कस अबाउट’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘वन ऑफ द’नंतर एकवचन, स्वल्पविरामाने जोडत नेलेली लांबलचक वाक्यं.

सरावाला रोज अख्खा निबंध लिहू नका. रोज एक प्रश्न, त्यावर भूमिकेचं एक वाक्य आणि वरच्यासारखा एकच परिच्छेद. पूर्ण निबंध आठवड्यातून एखादा, घड्याळ लावून, आणि तो कुणाकडून तरी तपासून घ्या.

आणि हो, कौन्सिलला ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षाही चालते, हे तुम्हाला माहीत असेलच. तिथे निबंध नसतो, रुग्णाच्या केस नोट्सवरून पत्र लिहायचं असतं. नर्सला ते जवळचं वाटतं, पण फी बरीच जास्त आहे. म्हणून आधी महिना-दीड महिना या पद्धतीने निबंध लिहून बघा आणि मग ठरवा.