चित्रवहीपासून खोक्यापर्यंत : कपड्यांच्या उद्योगात नेमके काम कोठे आहे?

विट्याच्या एका यंत्रमागधारक पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, गणित बरे आहे, चित्रकला उत्तम आहे आणि तिला ‘फॅशन डिझायनिंग’ करायचे आहे. पुण्यातील एका खासगी संस्थेने जागा राखून ठेवण्यासाठी आताच आगाऊ रक्कम मागितली आहे. पालक विचारतात : “लाखोंची फी भरून मुलगी शेवटी टेलरच होणार असेल, तर त्याच पैशात विट्यातच दहा शिलाई मशिन टाकून द्यावीत का? या धंद्यात नोकऱ्या तरी आहेत का?”

सप्रेम नमस्कार.

आगाऊ रक्कम आत्ता भरू नये, हे आधी सांगतो. ज्या संस्थेला बारावीच्या निकालाआधीच पैसे हवे आहेत, तिला विद्यार्थिनीच्या कलापेक्षा स्वतःच्या रिकाम्या जागांची चिंता अधिक असावी, असे माझे मत आहे. आता मूळ प्रश्नाकडे येतो.

आपण स्वतः माग चालवता, त्यामुळे या उद्योगाची रचना आपल्याला इतरांपेक्षा लवकर उमजेल. आपल्या भागातील खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेतो आणि पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, मजुरीवर कापड विणून देतो. सूतही त्याचे नसते आणि कापडही त्याचे नसते. तयार कपड्यांचा बराचसा व्यवहार आज असाच चालतो. दुकानाच्या पाटीवर ज्या ब्रँडचे नाव असते, त्याचा स्वतःचा कारखाना बहुधा नसतो. डिझाइन, भाव आणि माल पोहोचण्याची तारीख तो ठरवतो. शिवण्याचे काम तिरुपूर, बंगळूर, लुधियाना किंवा बांगलादेशातील कारखाना करतो. काही कारखाने कापडासह संपूर्ण माल तयार करून देतात, तर काही केवळ कापणे, शिवणे आणि बांधणे एवढ्याचीच मजुरी घेतात. या दोन टोकांच्या मध्ये जी माणसे लागतात, त्यांची संख्या डिझायनरांच्या कितीतरी पट आहे, आणि आपल्या मुलीचे भवितव्य बहुधा त्यांच्यातच आहे.

डिझायनरने काढलेले चित्र कारखान्यात जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. त्याचे ‘टेक पॅक’ करावे लागते. त्यात छाती, खांदा, बाही, कॉलर यांची मापे, प्रत्येक मापात किती फरक चालेल याची मर्यादा, शिवणीचा प्रकार, एका इंचात टाके किती, बटण कोणते, लेबल कोठे, एवढे सगळे लिहिलेले असते. त्यावरून पहिला नमुना शिवला जातो, तो अंगावर चढवून तपासला जातो, मग सर्व साइझचे नमुने होतात आणि शेवटी ‘पीपी सॅम्पल’, म्हणजे उत्पादनापूर्वीचा अंतिम नमुना, मंजूर झाल्याखेरीज कटिंग सुरू होत नाही. दरम्यान डाइंगवाल्याकडून रंगाचे छोटे तुकडे येतात, त्यांना ‘लॅब डिप’ म्हणतात. दिवसाच्या उजेडात एक आणि दुकानातील दिव्याखाली दुसरा दिसणारा रंग येथेच नाकारला जातो. हे सगळे तारखांच्या तक्त्यात बसवून बायर (माल मागवणारा ब्रँड), कापडवाला, बटणवाला आणि कारखाना यांना एकाच वेळी हाकणाऱ्या व्यक्तीला मर्चंडायझर म्हणतात. पाच हजार शर्टांची ऑर्डर शिवून तयार असावी आणि केवळ धुलाईच्या सूचनांची लेबले न आल्याने ती पडून राहावी, असे या धंद्यात घडते. आणि जहाज चुकले तर विमानाचे भाडे बहुधा कारखान्याच्याच माथी येते. ज्या मुलीला नीटनेटकेपणा, स्पष्ट इंग्रजी ई-मेल आणि न ओरडता पाठपुरावा करण्याची सवय आहे, तिला येथे चांगली जागा आहे.

त्यापुढचा पैसा कटिंगच्या टेबलावर असतो. शर्टाच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापडाचा असतो, पुष्कळदा तो ६० टक्क्यांपर्यंत जातो. कापडाचे थर पसरून त्यावर पुढा, पाठ, बाही, कॉलर यांचे आकार कसे मांडायचे, या मांडणीला ‘मार्कर’ म्हणतात. एका शर्टाला १.६ मीटर कापड धरले तर दहा हजार शर्टांना १६ हजार मीटर लागते. मांडणीत दोन टक्के कापड वाचले, तर ३२० मीटर, म्हणजे दोनशे शर्टांचे कापड चिंध्यांत जाता जाता राहते. हे काम पूर्वी पॅटर्न मास्टर पुठ्ठ्यावर आणि खडूने करीत. आता ते संगणकावर होते, आणि कापड न कापताच पडद्यावर कपडा पुतळ्याला घालून पाहण्याची सोयही आली आहे. तरीही कागदावरचा सपाट आकार अंगावर गोलाईत कसा बसेल हे ज्याला आधीच दिसते, त्याची किंमत कमी झालेली नाही. चित्र आणि भूमिती दोन्ही बऱ्या असलेल्या मुलीने पॅटर्न मेकिंगकडे अवश्य पाहावे. डिझायनरच्या पदाला जी झळाळी आहे ती या कामाला नाही, पण उत्तम पॅटर्न मास्टर मिळत नाही अशी तक्रार कारखानदार नेहमी करतात.

शिलाईच्या लाइनवर सगळा हिशेब मिनिटांचा असतो. येथे कोणीही पूर्ण शर्ट शिवत नाही. एक जण केवळ कॉलर जोडतो, दुसरा खांदा, तिसरा काजबटण. प्रत्येक क्रियेला ठरावीक मिनिटे दिलेली असतात, त्यांना ‘सॅम’ म्हणतात. समजा एका शर्टाला २० मिनिटे धरली आणि लाइनवर ४० कारागीर आहेत. आठ तासांची १९,२०० मिनिटे हाती येतात, म्हणजे कागदावर ९६० शर्ट. प्रत्यक्षात कार्यक्षमता ५० टक्के असेल तर ४८० निघतात. ती ६० टक्क्यांवर नेली तर त्याच माणसांकडून ५७६. हे ९६ शर्ट कोठे अडकले, कोणत्या मशिनपुढे गठ्ठे साचतात, कोणाच्या हाताला कापड पोहोचत नाही, हे शोधणे औद्योगिक अभियंत्याचे काम आहे, आणि त्याचा टेलर असण्या-नसण्याशी संबंध नाही. कारागिराला दमदाटी करून ही वाढ मिळत नाही, हे मात्र अनेक मालकांना अजून पटलेले नाही.

धंद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. भारताची तयार कपड्यांची निर्यात २०२४-२५ मध्ये सुमारे १६ अब्ज डॉलर होती. बांगलादेश आपल्या कितीतरी पुढे आहे. परदेशी ऑर्डरवर चालणारा कारखाना परदेशातील निर्णयांनी हलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले तेव्हा तिरुपूरच्या ऑर्डरी अडल्या. ढाक्याजवळ २४ एप्रिल २०१३ रोजी कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, तेव्हापासून बायरची तपासणी इमारत, वायरिंग, कामाचे तास येथपर्यंत पोहोचली आहे आणि त्या तपासणीचे वेगळे काम निर्माण झाले आहे. सुरुवातीचे पगार मोठे नसतात, हंगामात रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते, आणि पहिली काही वर्षे विट्याबाहेर काढावी लागतील हे गृहीत धरावे.

आता अभ्यासक्रम. ‘निफ्ट’ (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) ही १९८६ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था असून तिचे मुंबई केंद्र खारघरला आहे. तेथे डिझाइनच्या पदवीबरोबरच कपडे उत्पादनाची चार वर्षांची बी.एफ.टेक. पदवी आहे, आणि गणित घेतलेल्या मुलांपैकी फार थोड्यांना तिची माहिती असते. निफ्टच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज बारावीच्या परीक्षेपूर्वीच भरावे लागतात, म्हणून तारखा आताच पाहाव्यात. दुसरा मार्ग आपल्या जवळचा आहे : इचलकरंजीची डीकेटीई संस्था १९८२ पासून वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी शिक्षण देते आणि पदवीचा प्रवेश एमएचटी-सीईटीमार्फत होतो. आपल्या घरात सूत, सायझिंग, बीम हे शब्द रोज बोलले जातात. ही तयारी इतर विद्यार्थ्यांना चार वर्षांत मिळते. आयटीआयमध्ये शिलाई तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्याला कमी लेखू नये, मात्र आपल्या मुलीचे गुण पाहता तो पहिला पर्याय ठरू नये.

माझा कौल बी.एफ.टेक. किंवा वस्त्र अभियांत्रिकी यांच्या बाजूने आहे. चित्रकला तिला दोन्हीकडे उपयोगी पडेल. तिचा हट्ट डिझाइनचाच असेल तर तो मोडू नये, फक्त पुण्याची संस्था पाहायला जाताना फॅशन शोचे फोटो बाजूला ठेवून पॅटर्नची टेबले आणि औद्योगिक मशिन किती आहेत, एका मशिनमागे किती मुले आहेत, आणि गेल्या दोन वर्षांतील मुले कोणत्या पदावर लागली हे विचारावे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या उत्तरावर थांबू नये, पदांची नावे मागावीत.

त्याआधी घरीच एक परीक्षा घ्यावी. आपला एक जुना शर्ट मुलीला द्यावा आणि उसवायला सांगावा. प्रत्येक तुकडा इस्त्री करून कागदावर गिरवावा, कोणती शिवण आधी आणि कोणती नंतर घातली असेल याची यादी करावी, आणि त्यावरून दुसरा शर्ट कापावा. कॉलरच्या दोन पदरांत आतला पदर किंचित लहान का ठेवला आहे, हा प्रश्न तिला आपणहून पडला, तर तिने या क्षेत्रात जायला हरकत नाही. दोन तासांत कंटाळून तिने पुन्हा चित्रवही उघडली, तर ग्राफिक किंवा टेक्स्टाइल डिझाइनचा विचार वेगळ्याने करू.

राहिला दहा मशिनचा प्रश्न. मशिन विकत मिळतात; ऑर्डर, कापडाची नियमितता आणि तारीख पाळणारा माणूस विकत मिळत नाही. सोलापूरने शालेय गणवेशांत जम बसवला, कारण तेथे कापड, कारागीर आणि घाऊक खरेदीदार एकाच गावात आले. विट्याचे कोरे, म्हणजे मागावरून उतरलेले न रंगवलेले, कापड अजून प्रक्रियेसाठी बाहेरगावी जाते, त्यामुळे आज येथे टाकलेली मशिन दुसऱ्याच्या मजुरीवरच चालतील, आणि ते गणित आपल्याला मागावर पुरेसे परिचित आहे. तूर्त ती रक्कम ठेवीत ठेवावी. बारावीच्या परीक्षेनंतर मुलीला सोलापूर किंवा इचलकरंजीच्या एखाद्या गारमेंट युनिटमध्ये महिनाभर पाठवावे, आणि तिला ऑफिसात न बसवता सॅम्पलिंगच्या किंवा फिनिशिंगच्या टेबलावर उभे करावे, असे मालकाला आधीच सांगून ठेवावे.