ट्यूलिपला पाने आली, फूल नाही : डोस वाढवू नका

प्रश्न : ट्यूलिपचे बरेच कंद कुजले. उगवले त्यांना नुसती पाने आली, कळी आतच सुकली. विक्रेता युरिया आणि बुरशीनाशक दुप्पट करायला सांगतो. काय करावे?

उत्तर : दोन्ही वाढवू नका. कळी लागवडीआधीच कंदात तयार असते. ती दांड्यावर यायला १२ ते १६ आठवडे २ ते ९ अंश सेल्सिअसची थंडी लागते. थंडी कमी पडली की कळी आतच वाळते. तिथे युरिया काय करणार? उलट पाने लुसलुशीत होऊन रोगाला बळी पडतात.

हिवाळा कडक नसेल तर कंद कागदी पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. शेजारी सफरचंद, केळी अजिबात नकोत. पिकत्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू कळी मारतो. आंबूस वासाचा मऊ कंदही तोच वायू सोडतो, तो लगेच फेका. सालीवरची निळसर बुरशी मात्र पुसून काढली की पुरे, आतला कंद टणक हवा. त्यासाठी औषध विकत घेऊ नका. ‘थंड करूनच आणलेत’ म्हणून दिलेले कंद दुकानात उबेत पडून असतील तर ती थंडी वाया गेली समजा.

लागवडीची घाई हीच सर्वांत मोठी चूक. विक्रेत्याकडे माल आला म्हणजे तुमची वेळ झाली असे नाही. माती १३ अंशांखाली येऊ द्या. तेवढी थंड होत नसेल तर वर्षातल्या सर्वांत गार दिवसांत, फ्रिजमधून काढून थेट मातीत लावा. उबदार ओल्या मातीत कंद कुजतोच.

माझा आग्रह गादीवाफ्याचा. २० सेंमी उंची, मातीत जाडी वाळू आणि पूर्ण कुजलेले कंपोस्ट. ताजे शेणखत नको म्हणजे नको. टोक वर, खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट (साधारण १५ सेंमी), दोन कंदांत १० ते १२ सेंमी. एकदा भरपूर पाणी, मग वरचा थर सुकल्यावरच.

पाने वाकडी, भाजल्यासारखी दिसली तर झाड कंदासकट उपटून नष्ट करा. फवारणीने ते वाचत नाही. त्या वाफ्यात तीन वर्षे ट्यूलिप नको. बुरशीनाशक वापरलेच तर लेबलवरच्या मात्रेतच.

फूल गेल्यावर बोंड खुडा, पाने पूर्ण पिवळी होईपर्यंत कापू नका; पुढचा कंद त्यांच्यावरच पोसतो.

अनुदान हवे असेल तर कंद घेण्याआधी कृषी कार्यालयात विचारा, पक्की पावती जपा.