पावणेचार वर्षांच्या मुलीचा समर कॅम्प: रोज नवी थीम की आठवडाभर एकच?

मूळ प्रश्न थोडक्यात असा: लेक पावणेचार वर्षांची, घर पुण्यात बावधनला, आईवडील दोघंही नोकरीत. हाताशी दोन कॅम्प आहेत. एक मोठ्या प्रीस्कूलचा: दोन आठवडे, रोज नवी थीम (डायनासोर, अंतराळ, समुद्र, सर्कस, हवाई बेटांच्या थाटाची 'हवाई पार्टी' वगैरे), एसी वर्ग, दारात व्हॅन, शेवटी स्टेजवर कार्यक्रम. दुसरा कोथरूडला एका ताईंच्या बंगल्यात, तळमजल्यावर: दहा-बारा मुलं, आठवड्याला एकच विषय, पहिल्या आठवड्यात आंबा आणि दुसऱ्यात मंडई. फी जवळपास सारखीच. आणि सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला कसला कॅम्प, राहू दे घरी.

मी बालवाडीत शिकवायचे, आता उन्हाळ्यात सोसायटीतली चिल्लीपिल्ली जमवते. त्यामुळे माझं पारडं कुठे झुकणार हे तुम्ही ओळखलं असेलच. मी कोथरूडच म्हणेन. मात्र ते घरगुती आहे किंवा आंबा आपला मराठमोळा आहे म्हणून नव्हे. तिथे एक विषय आठवडाभर चालतो म्हणून.

या वयाचं मूल नव्या जागी पहिल्या दिवशी नुसतं बघतं. नळ कुठे आहे, कुठली ताई ओरडत नाही, आपली पिशवी कुठे टांगायची, यातच त्याची सकाळ जाते. दुसऱ्या दिवशी वस्तूला हात लावतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला स्वतःचं काहीतरी सुचायला लागतं, आणि खरी मजा तिथून पुढे. थीम रोज बदलली की मूल रोजच पहिल्या दिवसावर. शिवाय आजचा डायनासोर आजच घरी जायला हवा, म्हणून ताया आदल्या संध्याकाळी बसून सगळे तुकडे कापून ठेवतात आणि मुलांच्या वाट्याला फक्त चिकटवणं उरतं. त्या प्रीस्कूलने गेल्या वर्षीचे फोटो टाकले असतील, ते मोठे करून बघा. सगळ्या डायनासोरांचे डोळे एकाच जागी, सगळ्यांच्या पाठीवर तेवढेच काटे असतील तर ते काम कोणी केलं हे सांगायला नको. ज्या फोटोत एकाच्या डायनासोरला सात पाय आहेत आणि दुसऱ्याचा नुसताच हिरवा गोळा आहे, तो कॅम्प चांगला.

आता आंब्याचा आठवडा कसा जातो ते जरा सविस्तर सांगते, कारण 'पाच दिवस आंबाच आंबा, कंटाळणार नाही का?' असं तुम्ही विचारलंय.

सोमवारी पेटी उघडायची. पेंढ्यात हात घालून एकेक फळ बाहेर काढायचं, वास घ्यायचा, हिरवे एकीकडे, पिवळे एकीकडे. ही वर्गवारी मुलं आपणहून करतात, आणि अर्धवट पिकलेल्या आंब्यावरून भांडणं होतात: तो कुणाच्या बाजूला? मंगळवारी पानं. आंब्याचं पान पालथं ठेवायचं, म्हणजे शिरा वर येतात. त्यावर पातळ कागद धरून तेलखडू आडवा घासायचा. पान कागदावर उमटायला लागलं की मुलं जी गप्प होतात, ते बघण्यासारखं असतं. बुधवारी पन्हं. उकडलेल्या गार कैरीचा गर हाताने काढायचा, गूळ कुस्करायचा, वेलदोडे खलबत्त्यात कुटायचे. कच्च्या कैरीचा देठाकडचा चीक मुलांच्या कातडीला त्रास देतो, त्यामुळे देठ कापून कैऱ्या धुण्याचं काम ताईंनी आधीच उरकलेलं असावं, हे जरूर विचारा. गुरुवारी ते पन्हं विकायला दुकान मांडायचं, चिंचोक्यांचे पैसे.

आणि शुक्रवारी कोय. सोमवारी खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी धुऊन चार दिवस कडक उन्हात ठेवलेल्या असतात. त्यांचे धागे मोकळे होतात. जुन्या टूथब्रशने ते विंचरले की झाली दाढी. वर दोन डोळे काढले की दाढीवाले आजोबा तयार. माझ्याकडच्या एका मुलाने त्याच्या आजोबांना मधोमध भांग पाडला होता आणि दुपारी घ्यायला आलेल्या खऱ्या आजोबांच्या टकलाकडे तो बराच वेळ टक लावून बघत होता. एखादी ताजी कोय मातीतही लावायची. ती ताजीच हवी, वाळली की उगवत नाही. कोंब यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे कॅम्प संपल्यावर घरच्या कुंडीत तांबूस पालवी दिसते.

यात विकतचं असं काय लागलं? आंबे आणि तेलखडू. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडीचं काम उभं केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून शिंपले, बिया, पानं, माती अशा आसपासच्या वस्तूंतूनच साधनं बनवली. आजचे 'क्रिएटिव्ह किट' बघितले की मला ते आठवतं. किटची पिशवी जेवढी चकचकीत, तेवढं मुलाच्या हाताला काम कमी, असा माझा तरी अनुभव आहे.

मंडईच्या आठवड्याबद्दल फार लिहीत नाही. हँगरला दोन करवंट्या बांधून तराजू, वर्तमानपत्राच्या पिशव्या, भेंडी आणि कांद्याचे ठसे, गवार मोडत मोडत 'घ्या ताई घ्या' अशी आरोळी. तेवढ्यात पाच दिवस कसे जातात कळत नाही. फक्त त्या मुलांना खरोखर महात्मा फुले मंडईत नेणार आहेत का, ते विचारा. ती १८८६ ची दगडी इमारत आणि भाज्यांचे ढीग बघून मुलं हरखून जातात हे खरं, पण सकाळी लवकर गेलं पाहिजे आणि दर दोन मुलांमागे एक मोठं माणूस पाहिजे. तेवढी माणसं नसतील तर कोपऱ्यावरची भाजीवाली काही वाईट नाही. सहल हवीच असेल तर पेशवे उद्यानातली फुलराणी या वयाला जास्त झेपते. १९५६ पासूनची ती छोटी आगगाडी. तुमचे सासू-सासरे पुण्याचे असतील तर तेही त्यात बसलेले असतील. ती चालू आहे की दुरुस्तीला बंद, एवढं आधी बघून जा.

डायनासोर आणि अंतराळाला माझा विरोध नाही, बरं का. एकाच डायनासोरवर आठवडा काढला तर तोही झकास होतो: वाळूत पुरलेली 'हाडं' ब्रशने उकरायची, शाडूत पावलांचे ठसे, कागदाच्या लगद्याची अंडी. दूरच्या गोष्टीचं मुलांना वावडं नसतं. वावडं मला आहे, ते 'हवाई पार्टी'चं. तिचा उपयोग फक्त फोटोंना. रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज येतो, 'उद्या सर्वांनी फुलाफुलांचे कपडे, गळ्यात माळ, गॉगल', आणि तुम्ही दिवसभराच्या मीटिंगा संपवून माळ कुठे मिळेल ते शोधत बसता. रोजच्या थीमला रोजचा पोशाख, हे दोन आठवडे चाललं की कॅम्प मुलीचा न राहता तुमचा होतो.

थीमवाल्या कॅम्पात सामानाकडेही नजर ठेवा. समुद्र म्हटलं की पाण्यात फुगणारे रंगीत जेली मणी हटकून आणतात. दिसतात सुंदर, पण मुलाने गिळले तर पोटात फुगून आतडं अडतं. अंतराळ म्हटलं की लुकलुकणारे छोटे दिवे. त्यांत बटण सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजायला सुरुवात होते. असं काही झालंच तर घरगुती उपाय न करता तडक हॉस्पिटल गाठायचं. बर्फ म्हटलं की थर्माकोलचे दाणे, आणि ते नाकात जातात. स्लाइम, चमकी हेही या वयाला नकोच. 'सामान कोणतं वापरता?' असं मोघम विचारू नका, 'समुद्राच्या दिवशी टबात काय टाकता?' असं विचारा. आणि टबात पाणी असेल तर एक मोठं माणूस फक्त टबाशी, फोन बाजूला ठेवून. वीतभर पाणीसुद्धा या वयाला धोक्याचं असतं. पाण्याचा खेळ म्हणून मला विचाराल तर एक संत्रं पुरतं. सालीसकट टाकलं की तरंगतं, सोलून टाकलं की बुडतं. हे मुलं पुन्हा पुन्हा करायला लावतात, संत्री संपेपर्यंत.

किती मुलांमागे किती ताया? देशाच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयाला वीस मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण आहे. ते वर्षभर एकत्र असलेल्या, रुळलेल्या वर्गाचं. कॅम्पात सगळी मुलं नवी, त्यात रंग आणि पाणी. सहा मुलांमागे एक ताई आणि शी-शूला नेणारी मावशी वेगळी, एवढं तरी मी धरते. तुमची लेक शू सांगते पण शी फक्त घरीच करते असं तुम्ही लिहिलंय. यात काळजीचं काही नाही, तीन तासांच्या कॅम्पात तशी वेळ बहुधा येतच नाही. तरी मावशींना पहिल्या दिवशीच कानात सांगून ठेवा, आणि कपड्यांचा एक जोड पिशवीत ठेवा. इलॅस्टिकवाली चड्डी द्या, बटणांची जीन्स नको.

वेळ बघा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये अकरानंतर बाहेर पाऊल टाकवत नाही, पारा ३८ ते ४० पर्यंत जातो. साडेआठ ते साडेअकरा ही उत्तम वेळ. अंगणातला खेळ पहिल्या तासात, टेबलावरचं काम नंतर, असा क्रम आहे का ते विचारा. उलटा असेल तर त्यांनी विचार केलेला नाही. संध्याकाळच्या बॅचच्या भानगडीत पडू नका. मेमध्ये वळीव कधी कोसळेल नेम नसतो, वीजही जाते, आणि दहा मुलं अंधारात रडायला लागली की एका ताईच्या हातात काही राहत नाही.

मोठ्या कॅम्पच्या वेळापत्रकात रोज 'थीम मूव्ही' दिसते आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं म्हणणं असं की तीन-चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या वर जाऊ नये, त्याहून कमी तर उत्तमच. तो तास कॅम्पातच संपणार असेल तर आपण पैसे कशाचे देतोय? शेवटच्या कार्यक्रमाचंही तेच. पावणेचार वर्षांच्या मुलांना स्टेजवर एका रांगेत उभं करायचं तर शेवटचे तीन-चार दिवस तालमीत जातात, म्हणजे दहा दिवसांच्या कॅम्पात सहा-सातच उरले. कोथरूडच्या ताईंकडे शेवटी पालकांना पन्हं पाजायला बोलावतात असं तुम्ही लिहिलंय, तो कार्यक्रम मला पसंत आहे.

आता सासूबाई. त्यांचं चूक नाही. घरी माणूस असेल, त्यांच्या गुडघ्यांची तक्रार नसेल आणि टीव्ही बंद राहत असेल तर कॅम्प नाही केला म्हणून काही अडत नाही. मेमध्ये वाळवणं असतात. कुरडयांचा चीक, सांडगे, पापडाच्या लाट्या यांत मुलीचे हात तासन्तास रमतात. वाटलं तर एक आठवडा कॅम्प आणि एक आठवडा आजी, अशी वाटणी करा. ताईंना विचारा, फक्त आंब्याचा आठवडा घेता येईल का. विषय आठवड्याचा असल्यामुळे तसं घेता येतं, हा आणखी एक फायदा.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलते. कुठलाही कॅम्प साडेअकराला संपतो आणि तुमचं ऑफिस साडेसहाला. प्रश्न वाचताना मला वाटलं की तुमची खरी अडचण उरलेल्या सात तासांची आहे. सासूबाई दिवसभर सांभाळू शकत नसतील तर मोठ्या प्रीस्कूलला जोडून पाळणाघर आहे, त्याची बाजू भक्कम होते. तसं असेल तर तिथे घाला, पण थीमकडे न बघता पाळणाघर बघून घाला: दुपारी तीनच्या सुमाराला, न कळवता, एकदा जाऊन या. मुलं कुठे झोपतात, कोण थोपटतं, खोलीत वारा आहे का, टीव्ही चालू आहे का. दारातच अडवून 'मॅडम, अपॉइंटमेंट घेऊन या' म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे. पोरीला घ्यायला कोण येणार त्याची फोटोसकट यादी ते ठेवतात का, व्हॅनमध्ये बाई असते का, हेही तेव्हाच विचारा.

कोथरूडचं ठरलं तर पहिल्या दिवशी अर्धा तास तुम्हाला बसू देतील का ते आधी बोलून घ्या. बसू देत असतील तर कोपऱ्यात बसा, फोटो काढू नका, आणि निघताना सांगून निघा. नजर चुकवून पळालात तर दुसऱ्या दिवशी ती दारातूनच आत जाणार नाही. दोन-तीन दिवस रडली तर चालेल. चौथ्या दिवशीही तेवढंच रडत असेल तर थांबवा, आणि फी परत मिळते का हे मात्र पैसे भरायच्या आधीच विचारून ठेवा. दहा-बाराच जागा असलेले कॅम्प मार्चअखेरीला भरतात, त्यामुळे फोन आजच करा.