पकडला गेल्याचा रकाना कुठे आहे?

मुलगा बारा वर्षांचा, पळायला चपळ, पण 'स्टील कमी' (स्टील म्हणजे पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस चोरणं) म्हणून बेसबॉलच्या ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे बाहेरगावी खेळणाऱ्या निवडक संघात, घेतला नाही आणि आता बेसवर पोचला की दरवेळी पळत सुटतो, हे तुम्ही लिहिलंय. अगदी याच प्रकारात माझ्या लेकाचा अख्खा मोसम गेला, म्हणून सविस्तर लिहितो. मी कोच नाही, आणि लीगगणिक नियम बदलतात, एवढं लक्षात ठेवा.

आमच्याकडच्या निवड समितीच्या फॉर्मवर स्टोलन बेसचा, म्हणजे जमलेल्या स्टीलचा, रकाना होता. पळताना पकडला जाऊन आउट झाल्याचा नव्हताच. मी लेखी विचारलं, तर 'फॉर्म असाच आहे' एवढंच उत्तर. पुढे फोन उचलणंही बंद. पोरांना हे बरोबर कळतं. सगळा सराव सुटायच्या वेगावर, आणि वाइड बॉल सोडून वॉक घ्यायची (असे चार बॉल सोडले की बॅटरला पहिला बेस आपोआप मिळतो) माझ्या लेकाची चांगली सवय गेली. त्याचा राग मला अजून आहे.

मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, आकड्यांवरून ढोबळ हिशेब असा: स्टील जमली तर संघाला ०.२ धावेचा फायदा, पकडला गेला तर ०.४ च्या आसपास तोटा, कारण बेसवरचा रनरही गेला आणि एक आउटही वाढला. तीनात दोनदा जमली तरी हाती काही नाही. मेजर लीगच्या रिकी हेंडरसनने १९८२ मध्ये १३० बेस चोरले, पण ४२ वेळा पकडलाही गेला. गुणाकार केला तर निव्वळ फायदा नऊ-दहा धावांचा, म्हणजे फार तर एका विजयाचा. त्याच वर्षी त्याने ११६ वॉक मिळवले, त्यांचं मोल माझ्या मते कितीतरी जास्त.

स्टीलचा काही उपयोगच नसतो असं मी म्हणत नाही. २००४ मध्ये यांकीजविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये रेड सॉक्स एका धावेने मागे होते. यांकीजचा पिचर रिवेराने रनरला पकडायला तीनदा पहिल्या बेसवर बॉल टाकून पाहिला, तरी तिथला रेड सॉक्सचा रनर डेव्ह रॉबर्ट्स पुढच्याच पिचवर सुटला. एकच धाव हवी असताना तो धोका पत्करायलाच हवा. शिवाय २०२३ पासून बेस १५ ऐवजी १८ इंचांचे झाले, पिकऑफवर, म्हणजे रनरला पकडायला पिचरने बेसवर बॉल टाकण्यावर, मर्यादा आली, आणि मेजर लीगमध्ये दहातल्या आठ स्टील जमू लागल्या.

पण लहान मुलांच्या साठ फुटी मैदानावर (दोन बेसमधलं अंतर साठ फूट) बॉल बॅटरपर्यंत पोचेस्तोवर बेस सोडता येत नाही. तिथल्या स्टील बहुतेक कॅचरच्या हातून निसटलेल्या बॉलवरच्या असतात. त्यावरून मुलाची पारख करणं मला साफ चूक वाटतं. नव्वद फुटी मैदानावर लीड घ्यायला, म्हणजे पिचच्या आधीच बेसपासून पुढे सरकून उभा राहायला, लागला की बघा. तेव्हा स्टॉपवॉच लावून पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून बॉल कॅचरच्या मिटमध्ये (ग्लव्हमध्ये) जाईपर्यंतचा वेळ मोजा, म्हणजे पळायला किती वेळ मिळतो ते कळेल. मुलालाही मोजायला शिकवा.

तोपर्यंत एक वही ठेवा: किती वेळा पळाला, किती वेळा पकडला गेला, तेव्हा आउट किती होते. ती कोचला दाखवा. लीगच्या ऑफिसात कोणी बघत नाही. आणि पकडल्याचा रकाना फॉर्मवर आहे का, हे मोसम सुरू व्हायच्या आत लेखी विचारा. निवडीच्या याद्या लागल्यावर कोणी दाद देत नाही.