निफाडच्या थंडीत परसातली पपई-टोमॅटोची रोपं झाकायला प्लॅस्टिक चालेल की गोणपाट?

गोणपाट किंवा क्रॉप कव्हर (पिकावर घालायचं पातळ, हलकं कापड) घ्या. प्लॅस्टिकचा कागद पानांना टेकला की नेमकी तिथलीच पानं करपतात. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब थेट आकाशाकडे निघून जाते, पानं हवेपेक्षाही गार होतात आणि दव गोठतं. म्हणून मापकावर ३-४ अंश दिसत असले तरी गाफील राहू नका. रोपाभोवती तीन-चार बांबूच्या काठ्या रोवून आच्छादन पानांपासून चार बोटं वर ठेवा, कडा जमिनीपर्यंत आणून मातीने किंवा विटांनी दाबा. वरून झाकून खोडाशी गुंडाळलेलं पोतं उपयोगाचं नाही, कारण आच्छादनाखाली अडवून ठेवायची असते ती मातीतून येणारी ऊब. त्यासाठी दुपारी हलकं पाणी द्या (ओली माती उष्णता जास्त साठवते), पालापाचोळा त्या रात्रीपुरता बाजूला सारा आणि ऊन उतरण्याआधीच झाका. सकाळी ऊन आल्यावर काढा. एका थराने साधारण दोन अंशांचाच बचाव होतो. पारा शून्याखाली जाणार असेल तर दुहेरी थर लागतोच, कुंडीतली रोपं मात्र सरळ घरात घ्या.