असमाधान, आणि त्याचा सख्खा भाऊ व्याधी

प्रश्न असा आला आहे : ‘सगळे बरे चालले असूनही आयुष्यात काहीतरी कमी आहे असे सारखे वाटते. त्याला अतृप्ती म्हणावे, असंतोष की असमाधान?’

असमाधान. अतृप्त माणसाला काय हवे ते पक्के ठाऊक असते. असंतोष मराठीत चळवळीचा शब्द झाला. ब्रिटिश पत्रकार चिरोलने १९१० साली टिळकांना जे म्हटले, त्याचे मराठी ‘असंतोषाचे जनक’ असेच रुळले. तिथे ‘असमाधानाचे जनक’ म्हणून पाहा, वाक्यातला जीवच जातो.

पण आधी ‘समस्येचे समाधान’ थांबवा! जाहिरातींत तेच, बातम्यांत तेच. ही हिंदी आहे. मराठीत समस्या सुटते, तिच्यावर तोडगा निघतो. समाधान होते ते माणसाचे. ‘शंकासमाधान’ जुने आहे, शास्त्रचर्चेतले आहे, ते राहू द्या.

आता शब्दाकडे. सम् + आ + धा. धा म्हणजे ठेवणे. समाधान म्हणजे विखुरलेले गोळा करून नीट एकत्र ठेवणे. ‘सम म्हणजे सारखे, म्हणून सुखदुःखात सारखे राहणे ते समाधान’ ही फोड अनेकदा ऐकू येते. ती चूक आहे. इथे ‘सम’ हे विशेषण नाही, ‘सम्’ हा उपसर्ग आहे, संधी आणि संधान यांतला. वेदान्तात साधकाच्या अंगी हवेत असे सहा गुण सांगतात; त्यांत शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा यांच्यानंतर सहावे येते ते समाधान, आणि तिथे त्याचा अर्थ चित्त एके ठिकाणी ठेवणे एवढाच आहे. (त्यातल्या श्रद्धेतही हाच धा!)

खरी गंमत पुढे आहे. ‘सम्’ काढा आणि ‘वि’ लावा. वि + आ + धा : व्याधी! ‘उपसर्गे घोः किः’ (३.३.९२; म्हणजे उपसर्गानंतर दा, धा या धातूंना ‘इ’ प्रत्यय लागतो) हे पाणिनीचे एकच सूत्र समाधी, व्याधी, उपाधी हे तिन्ही शब्द घडवते. धातू तोच, ‘आ’ तोच, प्रत्ययही तोच. एकत्र ठेवले की समाधी (समाधानातलेच सम् + आ + धा), विस्कटून ठेवले की व्याधी. म्हणून मी असमाधानाला व्याधीचा सख्खा भाऊ मानतो. ‘काहीतरी कमी आहे’ हे वर्णनच मला पटत नाही. या धातूत कमी-जास्तीचा हिशेब कुठेच नाही. सगळे असते, फक्त एकमेकांना लागून ठेवलेले नसते.

काही जण व्याधी हा शब्द ‘व्यध्’, म्हणजे भोसकणे, यावरून लावतात. रोग टोचतो, म्हणून व्याधी, असे ते म्हणतात. व्यध् वरून व्याध येतो, शिकारी. तो त्यांनी जरूर घ्यावा. पण मग समाधी आणि उपाधी यांच्या ओळीतून व्याधी एकटीच बाहेर का काढायची, याचे उत्तर त्यांच्याकडून मला अजून मिळालेले नाही.